पाहुण्यांच्या हाती तरवड का नको?

मागच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांना दिलेल्या गुच्छांपैकी दोन-तीन दुसऱ्या दिवशी सभागृहातच पडून होते. जरबेरा माना टाकून बसले होते. भोवतीचा चकचकीत प्लास्टिकचा कागद, रिबीन आणि देठे खोचायचा हिरवा स्पंज मात्र जसेच्या तसे होते. हा स्पंजही प्लास्टिकचाच प्रकार; फुलांसारखी त्याची माती होत नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. यापुढे शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात त्या ऋतूत हैदराबादच्या आसपास येणारीच फुले-पाने वापरावीत. त्यांची आपल्याकडे उणीव नाही. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा आंब्याच्या पानांचे तोरण आणि मरव्याच्या काड्या पुरेत. स्वातंत्र्यदिनाला झेंडू मिळतो. स्नेहसंमेलन आणि प्रजासत्ताक दिन शेवंतीच्या दिवसांत येतात. 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास पळस फुललेला असतो. त्याची झाडाखाली गळलेली फुले वेचून आणली तरी परडी भरते. पाडव्याला कडुनिंबाचा मोहोर आणि त्यानंतर मोगरा आहेच.

खरी गंमत भाद्रपद अमावास्येपासून पुढच्या नऊ दिवसांत, बतुकम्माच्या वेळी असते. आमच्या मुलींना त्यातले 'तंगेडु' आणि 'गुनुगु' बरोबर ओळखता येतात. पण तंगेडु म्हणजे आपला तरवड आणि गुनुगु म्हणजे आपला कुरडू, हे विचारल्यावर वर्गात कोणालाच सांगता आले नाही. ज्या कुरडूच्या कोवळ्या पानांची भाजी आजी पावसाळ्यात करीत असे, तोच हा! फूल अंगणात राहिले आणि नाव मात्र घरातून गेले. दसऱ्याला आपण आपट्याचे पान सोने म्हणून देतो, शेजारी जम्मीचे म्हणजे शमीचे देतात. पिढ्यान्पिढ्या येथे राहिलेल्या आपल्या मुलांना दोन्ही नावे यायला हवीत. ती पुस्तकातून येणार नाहीत, फूल हातात घेतल्यावरच येतील.

काही विश्वस्तांना वाटते, पाहुण्यांना रानफुले देणे शोभत नाही. पण तंगेडु हे 2014 पासून तेलंगणाचे राज्यपुष्प आहे आणि घरोघरी त्याचीच देवी मांडतात. ते पाण्यात फार टिकत नाही, हे खरे. मग महागडा गुच्छ तरी किती टिकला? शिवाय टिकायला हवे असेल तेव्हा शेवंती आणि निशिगंध आहेत.

तेव्हा विश्वस्त मंडळाने गुच्छांच्या खर्चातून गुडीमल्कापूरच्या बाजारातून मोसमी फुले आणण्याची परवानगी द्यावी. पालकांनी एकेक बांबूची परडी द्यावी, म्हणजे प्लास्टिक लागणारच नाही. आणि मुलांनो, प्रत्येक परडीला तुमच्या अक्षरात एक चिठ्ठी लावा. फुलाचे नाव मराठीत आणि तेलुगूत. रानातून तोडताना झाड ओरबाडू नका, बियांसाठी निम्मी फुले राहू द्या.

चिठ्ठीवरचे नाव लिहिताना अडलात, तर आधी आजीला विचारा. तिलाही आठवले नाही, तर मात्र आपण उशीर केला असे समजा.