मेहकरचे ग्रंथालय: इमारतीआधी चालवणाऱ्याचा हिशेब मागा

मेहकर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आला, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर जवळ आले. आपली मुले मात्र त्याच रस्त्याने अभ्यासासाठी गाव सोडतात. म्हणून तालुक्याच्या गावी सर्वांना खुले, सुसज्ज सार्वजनिक ग्रंथालय हवे, ही मागणी आम्हाला रास्त वाटते. पण ती मागताना एक चूक आपण वारंवार करतो. आपण इमारत मागतो, भूमिपूजनाला टाळ्या वाजवतो आणि ती चालवणार कोण हे विचारत नाही. वस्ती सुधारणेच्या निधीतून बांधलेली, आज कुलूप लागलेली समाजमंदिरे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

मुळातली अडचण कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 चा. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांत ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर घेतला जातो. आपल्या कायद्यात तो नाही. शासनाचे ग्रंथालय जिल्ह्याच्या ठिकाणी असते. त्याखाली तालुक्यात आणि गावात नोंदणीकृत संस्थांनी ग्रंथालये चालवायची आणि शासनाने अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान द्यायचे, अशी ही रचना. नगर परिषदेच्या कायद्यातही ग्रंथालय हे ऐच्छिक कर्तव्य आहे. ऐच्छिक म्हणजे पैसे उरले तर, आणि ते कधी उरतात हे वाचकांना सांगायला नको!

अनुदान तरी किती? 2022 मध्ये त्यात 60 टक्के वाढ झाली. तेव्हा ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान 30 हजारांवरून 48 हजारांवर गेले. त्यातला निम्मा भाग वेतनाचा, म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला दोन हजार रुपये. एवढ्या पैशात रोज दार उघडायला कोण येईल? शिवाय 2012 मध्ये महसूल खात्यामार्फत ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नवी मान्यता व वर्गवाढ अनेक वर्षे थांबली. बोगस ग्रंथालये शोधायलाच हवी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण शिक्षा प्रामाणिकपणे नवे काही सुरू करू पाहणाऱ्या वस्त्यांना झाली. जुन्या, प्रस्थापित संस्थांकडे मान्यता आधीपासून होती. रांगेत मागे राहिलो ते आपण.

सर फिरोजशहा मेहता यांच्या स्मारकाची चर्चा चालू होती, तेव्हा पंचविशीतल्या, परदेशात शिकणाऱ्या बाबासाहेबांनी 1916 साली ‘बॉम्बे क्रॉनिकल’ला पत्र लिहून पुतळ्याऐवजी सार्वजनिक ग्रंथालय उभारावे, असे सुचवले होते. पुढे स्वतःचे घर बांधले तेही ग्रंथांना जागा व्हावी म्हणून. जयंतीचा खर्च ठरवताना मेहकरच्या मंडळांनी ते पत्र एकदा बैठकीत वाचावे.

आमचे म्हणणे एवढेच की निवेदनात बांधकामाच्या आकड्याबरोबर तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पूर्णवेळ प्रशिक्षित ग्रंथपालाचा पगार, दरवर्षीच्या ग्रंथखरेदीची तरतूद आणि संध्याकाळी उघडे राहण्याची वेळ. मजुरी करून येणाऱ्या मुलामुलींना सकाळी अकरा ते पाचचे ग्रंथालय काय कामाचे? तरतूद नगर परिषदेच्या अंदाजपत्रकात दिसली पाहिजे, तोंडी आश्वासनावर उठायचे नाही. तोवर विहारातली एक खोली रोज दोन तास उघडी ठेवता येईल. पुस्तकांची दाखल नोंदवही आणि वाचकांची हजेरी पहिल्या दिवसापासून लिहावी. उद्या मान्यतेचा अर्ज करायची वेळ आली की हीच कागदपत्रे लागतील.