यादी बँकेची, बिल घर घेणाऱ्याचे

गेल्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या रेडिंगहून भाचीचा फोन आला. "मामा, माझी वकील बँकेला चालत नाही म्हणे."

तिने रांगेतले एक जुने घर पसंत केले होते. व्यवहाराचे काम दिले होते जवळच्याच एका सॉलिसिटर बाईंना. बाई एकट्याच काम करणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि मागच्या अंगणावर पेन्सिल टेकवून विचारले, "इथून शेजाऱ्यांना कचऱ्याचे डबे न्यायचा हक्क आहे, हे एजंटाने सांगितले होते का?" एजंटाने अर्थातच सांगितले नव्हते. वकील असावी तर अशी, असे भाचीने तिथेच ठरवले. पण कर्जमंजुरीच्या वेळी बँकेने कळवले की या बाई आमच्या पॅनेलवर नाहीत. एकतर यादीतला वकील घ्या, नाहीतर बाईंना ठेवा. मात्र मग बँकेचे काम आमचा वेगळा वकील पाहील आणि त्याचीही फी तुम्हीच भरायची. भाचीने दोन बिले भरली.

ऐकून मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. मी स्वतः ठाण्यात बारा वर्षे एका बँकेच्या पॅनेलवर होतो. त्यामुळे यादीची बाजू मला तोंडपाठ आहे. आधी तीच मांडतो, आणि यादीच्या वकिलाने मांडावी तशी मांडतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये साध्या घरखरेदीत बहुधा एकच सॉलिसिटर किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर दोघांचे काम करतो: घर घेणाऱ्याचेही आणि कर्ज देणाऱ्या बँकेचेही. कर्जाची रक्कम त्याच्या खात्यावर येते. मालकी निर्वेध आहे, बँकेचा बोजा पहिल्या क्रमांकाने चढेल, हे त्याच्या दाखल्यावर ठरते. त्याने काय तपासावे आणि काय कळवावे, हे सांगणारी बँकांची एक सामाईक नियमपुस्तिका 1999 पासून आहे. तेव्हा यादीवाल्यांचा पहिला मुद्दा असा, की लाखो पाउंड ज्याच्या हाती सोपवायचे, तो माणूस निवडण्याचा हक्क आमचाच.

दुसरा मुद्दा फसवणुकीचा आणि निष्काळजीपणाचा. 'मॉर्गेज एक्स्प्रेस विरुद्ध बोवरमन' हा 1990च्या दशकातला खटला तिथले वकील आजही विसरत नाहीत. फ्लॅट 2 लाख 20 हजार पाउंडांना विकला जात होता, आणि तोच फ्लॅट विकणारा स्वतः त्याच सुमारास दीड लाखाला घेत होता. वकिलाला हे दिसले, बँकेला कळवले गेले नाही. ते कळवायला हवे होते, असा निकाल लागला. 2014मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे 'एआयबी विरुद्ध मार्क रेडलर' हा खटला आला. 33 लाख पाउंडांचे कर्ज, आणि जुन्या बँकेचे सुमारे 3 लाख 9 हजार वकिलाच्या हातून फेडायचे राहून गेले. नव्या बँकेचा पहिला बोजा हुकला. असे चटके बसल्यावर बँकेने निवडक वकील ठेवले, तर तिला नावे का ठेवावीत?

तिसरा मुद्दा खर्चाचा: यादीतला एकच वकील दोघांचे काम करतो, म्हणून बिल एकच येते आणि फायदा घर घेणाऱ्याचाच होतो. चौथा मुद्दा, कोणावर सक्ती नाही. हवा तो वकील ठेवायला कोण अडवतो?

चारही मुद्दे वजनदार आहेत. पण एकेक हातात घेऊन पाहिला, की वजन कमी भरते.

पैसा बँकेचा, हे अर्धेच खरे. घर घेणाऱ्याची वर्षानुवर्षांची बचतही त्याच व्यवहारात जाते, आणि बँकेचा पैसा शेवटी व्याजासकट तोच फेडतो. मालकीत खोट निघाली तर बँकेला दोन दारे उघडी असतात. ती वकिलावर दावा लावू शकते, आणि कर्जदाराकडे हप्ते मागतच राहते. घर घेणाऱ्याच्या हाती मात्र विकता न येणारे घर आणि न थांबणारे हप्ते उरतात. जास्त बुडतो कोण? तरीही बँकेचा निवडीचा हक्क मी मान्य करतो. फक्त एवढेच विचारतो, की निवडणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा, हे कुठल्या हिशेबात बसते? दुसऱ्याच्या खिशातून द्यायचे असले, की फीचा आकडा कोणी दोनदा पाहत नाही.

फसवणुकीचा मुद्दा त्याहून भारी, म्हणून तो जरा निगुतीने तपासायला हवा. अप्रामाणिक वकील गाळायचे असतील तर प्रामाणिकपणाच तपासावा. प्रत्यक्षात कित्येक पॅनेलांची चाळणी वेगळीच असते: आमच्या किती फाइली वर्षाला करता? तुमच्याकडे भागीदार किती? एकट्याने वकिली करणाऱ्याला काही बँका दारातच थांबवतात. जानेवारी 2012मध्ये एचएसबीसीने आपले पॅनेल 43 कंपन्यांवर आणले. पुढे ती यादी वाढली, पण तेव्हा अख्ख्या इंग्लंड-वेल्ससाठी त्रेचाळीस! उरलेले हजारो सॉलिसिटर काय लबाड होते? त्यांच्यावर नियामक संस्थेची नजर होतीच. चुकीची भरपाई देता यावी म्हणून निदान 20 ते 30 लाख पाउंडांचा विमा त्यांना सक्तीचा आहे. सॉलिसिटरांच्या लॉ सोसायटीने घरखरेदीचे काम करणाऱ्यांसाठी 2011पासून गुणवत्तेची वेगळी मान्यताही सुरू केली होती. आणि ज्या दोन खटल्यांची साक्ष काढतात, त्यांतला दोष फायलींच्या कमी-जास्त संख्येचा नव्हताच. एकात सांगायचे ते सांगितले नाही, दुसऱ्यात फेडायचे ते फेडले नाही. वर्षाला हजार फाइली करणाऱ्याच्या हातूनही हे होते. उलट घाईत जास्तच होते.

मोजक्या हातांत काम एकवटण्याचा धोका निराळाच. नोव्हेंबर 2021मध्ये घरखरेदीचे काम करणाऱ्या 'सिम्प्लिफाय' या मोठ्या कंपनीगटावर सायबर हल्ला झाला. यंत्रणा बंद पडली आणि अनेक कुटुंबे घर बदलण्याच्या ऐन तोंडावर अडकली. हे पॅनेलमुळे घडले असे मी म्हणत नाही. पण सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवणे म्हणजे सुरक्षितता, असे म्हणणाऱ्यांनी त्या आठवड्यात सामान भरून बसलेल्यांना विचारावे. गंमत अशी, की घरखरेदीच्या कामातली सॉलिसिटरांची मक्तेदारी ब्रिटिश संसदेनेच 1985च्या कायद्याने मोडली आणि लायसन्स्ड कन्व्हेयन्सर हा नवा वर्ग उभा केला. ग्राहकाला निवड मिळावी हा हेतू. कायद्याने उघडलेले ते दार बँकांच्या याद्या मागल्या बाजूने लोटून घेतात. बळी पडतो तो गावातला छोटा वकील. नवे गिऱ्हाईक उद्या कोणत्या बँकेचे कर्ज घेईल, हे त्याला आज माहीत नसते. एका मोठ्या बँकेच्या यादीतून नाव गेले, की लोक विचारायलाही येत नाहीत. मृत्युपत्रे आणि वारसाची कामे यांवर कचेरीचे भाडे किती दिवस निघणार?

आता एका बिलाचा मुद्दा. साध्या व्यवहारात हा फायदा खराच आहे, नाकारत नाही. पण बोवरमनची गोष्ट पुन्हा आठवा. वकिलाला दिसलेली गोष्ट बँकेला सांगायला हवी, आणि अशिलाने नको म्हटले तर त्याची गुप्तताही राखायला हवी. अशा वेळी वकिलाला बँकेचे काम सोडावे लागते. एका माणसाने दोन निष्ठा सांभाळायच्या त्या व्यवहार सरळ असेतोवरच. वाकडा झाला की तो कुणीकडे झुकतो? घर घेणारा दहा-पंधरा वर्षांत एकदा येतो, बँक दर आठवड्याला येते.

हे मी ऐकीव सांगत नाही. मार्चअखेरच्या एका संध्याकाळी बँकेतून फोन आला होता: "साहेब, डिसबर्समेंट आजच टाकायचंय. रिपोर्ट तेवढा निगेटिव्ह नको." सात-बाराच्या इतर हक्कांत एका बहिणीचे नाव होते, तिचे हक्कसोडपत्र फायलीत नव्हते. मी तसे लिहिले. ते प्रकरण दुसऱ्या पॅनेल वकिलाकडे गेले आणि पुढचे तीन महिने माझ्याकडे एकही फाइल आली नाही. कुणी काही बोलले नाही. बोलायची गरज नसते.

सक्ती नाही, हा चौथा मुद्दा तर ऐकायलाच बरा. इंग्लंडात करारांची अदलाबदल होईपर्यंत विकणारा शब्द फिरवू शकतो. जास्त भाव देणारा भेटला की पहिल्याला सोडतो. वकील बदलायचा म्हणजे कागद पुन्हा पहिल्यापासून. दुसरा वकील जोडायचा म्हणजे प्रत्येक पत्र दोन टेबलांवरून जाणार. तेवढ्या आठवड्यांत घर हातचे जाते. मोकळीक आहे, पण ती वापरायला पैसे आणि वेळ, दोन्ही मोजावे लागतात.

आपल्याकडे काय चालते? महाराष्ट्रात पॅनेलवरचा वकील सरळसरळ बँकेचाच असतो. तो तीस वर्षांचा शोध घेतो, इंडेक्स टू, फेरफार, सात-बारा पाहतो आणि अहवाल बँकेला देतो. फी कर्जदाराकडून वसूल होते. आणि आपला माणूस छातीठोक सांगतो, "बँकेनं लोन दिलं म्हणजे टायटल क्लिअर." कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024मध्ये दिला. त्यांतल्या अनेक घरांवर बँकांची कर्जे होती. कर्जमंजुरीला मालकीचा दाखला समजणाऱ्यांसाठी याहून कडू उत्तर नाही. रिझर्व्ह बँकेने 2024मध्ये एक बरे केले: वकिलाच्या फीसारखे खर्च कर्जाच्या वार्षिक दरात धरून दाखवायचे आणि त्यांच्या पावत्या कर्जदाराला द्यायच्या. म्हणजे पावती मिळते. अहवाल मिळेलच असे नाही.

मग याद्या फाडून टाकायच्या का? नाही. यादी असावी, पण ती चाळणी म्हणून असावी. नियामकाची मान्यता, पुरेसा विमा आणि कामाची परीक्षा, एवढ्यावर कोणालाही आत येता यावे. फायलींची संख्या आणि भागीदारांची डोकी मोजू नयेत. नाव नाकारले किंवा काढले, तर कारण लेखी द्यावे आणि त्यावर दाद मागता यावी. वकिलावर विसंबायचे, तर त्याची चूल एका फोनवर विझणार नाही, एवढी तरी काळजी घ्यावी. साध्या व्यवहारात एकच वकील खुशाल चालवावा. व्यवहारात गाठ दिसली की दोघांचे दोन करावेत. बँकेने आपलाच वेगळा वकील हवा म्हटले, तर त्याची फी बँकेने भरावी. निदान अर्जाच्या वेळीच आकडा सांगावा, घरात मन गुंतल्यावर नव्हे. आणि जो पैसे देतो त्याला काम दिसावे. हे रेडिंगला जितके लागू, तितकेच ठाण्याला.

भाची आता त्या घरात राहायला गेली आहे. शेजारी गुरुवारी रात्री तिच्या अंगणातून डबे नेतात आणि तिला ते आधीपासून ठाऊक आहे, एकट्याने काम करणाऱ्या त्या बाईंमुळे. दुसऱ्या बिलाबद्दल ती म्हणाली, "मामा, त्या वकिलानं मला एक ओळ लिहिली नाही. फक्त बिल आलं. वर अशील म्हणून बँकेचं नाव, खाली पैसे देणारी म्हणून माझं."

मी काही बोललो नाही. बारा वर्षांत मी किती शोध अहवाल लिहिले ते मोजलेले नाही. ज्यांच्या खिशातून माझी फी गेली, त्यांतल्या एकालाही मी आपणहून प्रत दिल्याचे आठवत नाही.