केसांसाठी चिनी पावडर?

चिनी वैद्यकात केसांना ‘रक्ताचे शेष’ म्हणतात, आणि त्यांची कांती मूत्रपिंडाच्या बळावर अवलंबून असते असे मानतात. आयुर्वेदाने केसांचा संबंध अस्थिधातूशी जोडला. उपपत्ती बाजूला ठेवली तरी निरीक्षण मार्मिक आहे: शरीराला चणचण भासली की पहिली कपात केसांची होते.

वाचकहो, हे लिहिण्याचे कारण म्हणजे ‘हो शौ वू’. काळ्या सोयाबीनच्या रसात शिजवलेल्या या मुळाची पावडर आता हर्सूलमध्येही घरपोच येते. हे मूळ घेतल्याने केस पुन्हा काळे झालेल्या हो नावाच्या म्हाताऱ्याची दंतकथा तिच्यामागे आहे. कथा गोड असली तरी या मुळाने यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. खुद्द चीनच्या औषध नियामकांनी 2014 साली तसा इशारा दिला.

टाळूवर आले चोळणे हा तिकडचा आणखी एक उपाय. आल्यातील जिंजरॉल हा घटक केसांची वाढ उलट रोखतो, असे 2013 मध्ये चिनी संशोधकांनाच प्रयोगशाळेत व उंदरांवर आढळले! चाईवर सात सुयांच्या हातोडीने टोचतात. त्याचा पुरावा तोकडा आहे, आणि सुया निर्जंतुक नसतील तर ‘हेपॅटायटिस बी’चे भय आहेच.

कारण न शोधता उपाय का करू नये, हे शेजारच्या बुलढाण्याने दाखवले. डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील गावांत माणसांना अवघ्या काही दिवसांत टक्कल पडू लागले. आरंभी संशय पाण्यावर, शाम्पूवर गेला. पुढे रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढल्याचे आढळले, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. ‘केसांच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत हेच सेलेनियम असते, हे ध्यानात असू द्यावे.

रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी झुबकेच्या झुबके हातात येतात. ते बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. न थांबल्यास हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉइड तपासून घ्यावे. आमच्याकडील स्त्रियांत बहुतेकदा लोहच कमी निघते.

ही पावडर कोणी घेत असेल, तर ती आजच बंद करावी. भूक मंदावली, लघवी गडद झाली वा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी यकृताची तपासणी करावी आणि डॉक्टरांकडे जाताना पावडरीचे पाकीट बरोबर न्यावे.