घडीची काठी : घरी काय दुरुस्त होते आणि काय होत नाही

वाचकहो, छत्री, स्टोव्ह, शिलाई मशीन यांची दुरुस्ती आपण या सदरात केली. आज घेतलेली वस्तू आपल्या घरांत पूर्वी नव्हती. डोंगर चढताना हातात धरायची ही घडीची काठी. मुले तिला ट्रेकिंग पोल म्हणतात. कॉलेजात शिकणारी, नुकतीच नोकरीला लागलेली आपली मुले-मुली सुट्टीच्या दिवशी लोहगडावर, कळसूबाईवर जातात. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. वाटेत लोखंडी शिड्या आहेत, तिथे दोन्ही हात मोकळे लागतात. मग काठीची घडी करून ती पिशवीत टाकता येते. लोकलच्या गर्दीतही ती कुणाला टोचत नाही. सोय चांगली आहे, पण दोन पावसाळे गेले की ती खिळखिळी होते आणि माळ्यावर जाते. आमच्याही घरी अशीच एक पडली होती.

गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी औषधांच्या दुकानात घडीची काठी मिळते, तिच्या पोटातही साधारण हीच रचना असते. एकीची दुरुस्ती जमली की दुसरीची जमते.

आधी आत काय आहे ते पाहू. तीन किंवा चार पोकळ नळ्या, त्या एकमेकींत बसतात आणि सगळ्यांच्या पोटातून एक दोरी ओवलेली असते. डोंगराच्या काठीत ही दोरी न ताणणारी असते. मुठीखालची नळी ओढली की आतली थोडी बाहेर सरकते, एक बटण टक् करून भोकातून वर येते आणि दोरी ताठ होते. काठी उभी राहते ती या ताणावर. बटण दाबले की ताण जातो, दोरी ढिली पडते आणि घडी होते. म्हाताऱ्या माणसांच्या काठीत दोरीऐवजी गोल इलॅस्टिक असते, ते नळ्यांना कायम ओढून धरते.

बिघाड बहुतेक वेळा दोरीतच असतो. मुलांना काठी हवेत झटकून उघडायची हौस असते. बघायला छान वाटते, पण प्रत्येक झटक्याला दोरी नळीच्या तोंडावर घासते. वरचे वेष्टण आधी उसवते, मग एके दिवशी दोरी तुटते आणि नळ्या घरभर होतात. अशी काठी टाकून देऊ नका. एक सुट्टीची दुपार आणि दोन-तीन मीटर दोरी एवढाच खर्च आहे.

जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरा. नळ्या ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने मांडून प्रत्येकीवर चिकटपट्टी लावा आणि एक, दोन, तीन आकडे घाला. हे आम्ही पहिल्या वेळी केले नव्हते, आणि मधली नळी उलटी बसवून अर्धा तास डोके खाजवत बसलो होतो. खालच्या टोकाचा प्लास्टिकचा भाग गरम गोंदाने बसवलेला असतो. पातेल्यात उकळते पाणी घेऊन तेवढेच टोक मिनिट-दोन मिनिटे बुडवा. मग फडक्याने धरून पिळत ओढले की ते सुटते. हे काम मोठ्या माणसाने करावे, लहान मुले आसपास नकोत. आत दोरीची गाठ दिसेल. जुनी दोरी फेकू नका, नवीन किती कापायची ते तीच सांगते. तुकडे जोडून लांबी मोजून ठेवा.

नवीन दोरी साध्या नायलॉनची घेतली तर काठी उभी राहील, पण नायलॉन ओढीने आणि ओलाव्याने ताणते. पावसात सांधे परत डुगडुगतात. पॉलिएस्टरची घट्ट विणलेली दोरी बरी, आणि गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानातली डायनीमाची बारीक दोरी सर्वांत चांगली. जाडी जुन्या दोरीएवढीच हवी, जाड दोरी घडीच्या जागी अडकते.

दोरी ओवण्याआधी एक काम करा. प्रत्येक नळीच्या तोंडावरून आतून हलकेच बोट फिरवा. कडा टोचली तर तिथेच दोरी कापली गेली असे समजा. बारीक पॉलिश कागदाची सुरळी करून ती कडा गुळगुळीत करा. हे राहिले तर नवी दोरीही त्याच जागी तुटते. आमची पहिली दुरुस्ती जेमतेम महिनाभर टिकली ती याच कारणाने.

लांब नळीतून दोरी जात नसेल तर शिवणाच्या दोऱ्याला एक छोटा नट बांधून तो वरून सोडा. नट खाली येतो, दोऱ्याला दोरी बांधून ओढून घ्या. वरचे टोक बटणाच्या नळीतल्या तुकड्याला जसे बांधलेले होते तसेच बांधा. खालची गाठ मात्र लगेच पक्की करू नका. आधी कच्ची गाठ मारून काठी उभी करून पाहा. बटणाची नळी दोन-तीन बोटेच सरकते, म्हणून दोरीच्या लांबीत बोटभर चूकही चालत नाही. दोरी आखूड झाली तर बटण भोकापर्यंत येतच नाही. जोर करून ओढाल तर वरचा प्लास्टिकचा तुकडा मोडेल, आणि तो घरी बनत नाही. लांब झाली तर बटण वाजते पण सांधे हलतात. गाठ सरकवत चार-पाच वेळा पाहावे लागते. बटण थोडा जोर लावल्यावर बसले, काठी हलवून एकही सांधा वाजला नाही, आणि बटण दाबल्यावर घडी सहज पडली, म्हणजे लांबी जमली. मग आठच्या आकड्यासारखी गाठ मारा, ओढून घट्ट करा आणि शिल्लक टोक काडीने जाळून बंद करा. काही काठ्यांत ताण कमी-जास्त करायला आतच एक छोटा आटे असलेला तुकडा असतो. तो असेल तर दोरी बदलण्याआधी तेवढा फिरवून पाहा, कदाचित एवढ्यावरच भागेल.

इलॅस्टिकची काठी यापेक्षा सोपी. बॅगांचे सामान विकणाऱ्याकडे गोल इलॅस्टिक मीटरवर मिळते. ते काठीच्या लांबीपेक्षा आखूड कापायचे, पण फार आखूड नको. घडी करताना सांधा ओढून वळवावा लागतो, आणि म्हाताऱ्या हातांत तेवढा जोर नसतो. ज्यांची काठी आहे त्यांनाच घडी करायला लावून मग गाठ बांधा.

किरकोळ बिघाड थोडक्यात. बटण वर येत नसेल तर बहुधा माती किंवा ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी अडकलेली असते. जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा. सरकणाऱ्या नळीला खटक्याची पकड असेल आणि ती ढिली झाली असेल, तर बाजूचा स्क्रू पाव आटा आवळा. तिथे तेल मात्र कधीही घालू नका. ती पकड घर्षणावर चालते, तेलाने ती सरकते आणि माणूस पडतो. खालचे रबर झिजून धातूचे टोक बाहेर आले असेल तर रबर बदला. धातूचे टोक मातीत रुतते, पण फरशीवर आणि दगडी पायऱ्यांवर घसरते. पावसातून आल्यावर काठी तशीच घडी करून पिशवीत ठेवू नये, सांधे मोकळे करून सावलीत वाळवावी.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट.

पुतण्याची काठी लोहगडाच्या वाटेवर दोन दगडांत अडकून वाकली होती. फार नाही, हाताच्या कोपराएवढाही बाक नव्हता. आम्ही ती फडक्यात गुंडाळून दाराच्या फटीत धरली आणि हळूहळू दाबून सरळ केली. डोळ्यांजवळ धरून पाहिली, अगदी सुतासारखी. त्याच काळात घरच्या सगळ्यांचे भाजे लेण्यांना जायचे ठरले. मळवली स्टेशनला उतरून चालत गावात, आणि तिथून वर पायऱ्या. आत्यांचे गुडघे दुखतात म्हणून ती काठी त्यांच्या हाती दिली. चढताना काही झाले नाही. लेणी पाहिली, शिदोरी सोडली, आनंदात दिवस गेला. उतरताना चौथ्या की पाचव्या वळणावर आत्यांनी खालच्या पायरीवर काठी टेकली, अंगाचा भार तिच्यावर टाकला, आणि जिथे आम्ही बाक काढला होता तिथेच ती मोडली. आत्या बाजूला कलंडल्या. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. एवढ्यावर निभावले, कारण त्या डोंगराच्या बाजूला पडल्या.

“मला धर म्हणायच्या आधीच काठीनं सोडलं,” एवढेच त्या म्हणाल्या. कुणाला बोल लावला नाही. त्यामुळे आम्हाला जास्तच लागले.

नंतर एका फॅब्रिकेशनच्या कारागिराला मोडलेला तुकडा दाखवला, तेव्हा उलगडा झाला. या नळ्या कडक जातीच्या ॲल्युमिनियमच्या असतात. नळी वाकते तेव्हा त्या जागी ती चेपते, गोलपणा जातो. बाहेरच्या अंगाला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात. उलट वाकवून सरळ केली की चिरा आणखी वाढतात. दिसायला सरळ, पण ताकद निघून गेलेली. चढताना माणूस पायांवर चालतो, काठी नुसती सोबत असते. उतरताना खरा भार तिच्यावर येतो. म्हणून अशी काठी नेमकी उतारावर मोडते. कार्बनची काठी तर वाकतच नाही, चीर पडते आणि एकदम तुटते. तिला कितीही चांगल्या गोंदाने चिकटवले तरी भार टाकू नये.

तेव्हा वाकलेली किंवा चिरलेली नळी बदलायची, नाही तर काठीच टाकून द्यायची. काही बनावटींचे सुटे भाग मिळतात, दुकानात विचारून पाहावे. डोंगरातच मोडली तर पत्र्याच्या डब्याचा तुकडा किंवा छत्रीची काडी लावून चिकटपट्टीने घट्ट बांधा, पण ती खाली येईपर्यंत तोल सांभाळण्यापुरतीच.

दुरुस्त केलेली काठी वडीलधाऱ्यांना देण्याआधी आपण स्वतः तपासावी. कापसाचा बोळा नळीवरून फिरवा, चीर असेल तिथे तंतू अडकतो. कार्बनच्या काठीवर नाण्याने टकटक करत जा, कुठे आवाज बद झाला तर तिथे आतून फुटली आहे. शेवटी भिंतीजवळ उभे राहून, एक हात भिंतीला ठेवून, पूर्ण अंगभार टाकून दहा वेळा दाबा. घरात सर्वांत वजनदार कोण असेल त्याने हे करावे. आमच्याकडे हा मान थोरल्या जावयांचा आहे.

आत्यांसाठी औषधांच्या दुकानातून इलॅस्टिकची काठी आणली. गेल्या दिवाळीत तिचे इलॅस्टिक सैल पडले, ते आम्ही बदलले. पण त्या अजूनही काठी हातात घेतल्यावर आधी डोळ्यांजवळ धरून पाहतात, मग आमच्याकडे पाहतात, आणि मगच जिना उतरतात.