सार्वजनिक पैसा आणि गरिबाचा प्रवास

पुणे आणि पिंपरी-चिंचवड ह्या जोडशहरांभोवतीचा मुलूख गेल्या पंचवीस वर्षांत इतक्या झपाट्याने वाढला आहे की, जेथे ज्वारीची शेते होती तेथे दहा-दहा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. ह्या इमारतींतील धुणीभांडी करणारी, त्यांच्या विटा वाहणारी, त्यांच्या फाटकावर रात्रभर पहारा देणारी माणसे मात्र त्यांच्या सावलीत राहू शकत नाहीत. ती येरवड्याहून, दापोडीहून, पिंपरीहून, हडपसरच्या पलीकडून रोज येतात आणि रोज परत जातात. वाचकहो, ह्या माणसांत आपले आईबाप आहेत, आपले भाऊबहीण आहेत. तेव्हा ह्या वाढत्या मुलुखाची वाहतूक कोणत्या साधनाने चालावी आणि तिच्यासाठी सार्वजनिक पैसा कोठे घालावा, हा प्रश्न केवळ इंजिनियरांचा व अधिकाऱ्यांचा नाही. तो आपल्या घरच्या जमाखर्चाचा आणि आपल्या हक्काचा प्रश्न आहे.

वाहनात जागा मिळणे म्हणजे काय, हे आपणांस दुसऱ्याने शिकविण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, १९०१ साली, नऊ वर्षांचे असताना, ते मसूरच्या स्टेशनवर उतरले आणि ही मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे, मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असा सौदा ठरला. पुढे १९२९ साली, बॅरिस्टर आणि सरकारी समितीचे सभासद असताना, चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी त्यांना तीच वागणूक दिली. हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्याच माणसाला टांगा हाकावा लागला, वाटेत अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला सरकारी एस. टी. ची पहिली गाडी सुटली. ज्याने तिकिटाचे पैसे दिले त्याला गाडीत जागा मिळालीच पाहिजे, हा सार्वजनिक वाहतुकीचा नियम झाला. आपल्या लोकांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु ह्या नियमात एक अट लपलेली आहे. तिकिटाचे पैसे देता आले पाहिजेत. जो दरवाजा जातीने बंद होता तो दराने बंद होऊ शकतो, आणि तो बंद करणारा कोणी गाडीवान समोर दिसत नाही, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही. १ जून २०२५ पासून पुण्याच्या बससेवेचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले, दिवसाचा पास ४० रुपयांवरून ७० रुपयांवर गेला आणि महिन्याचा पास ९०० रुपयांवरून १,५०० रुपयांवर गेला. ज्या घरात दोघे कामाला जातात आणि दोघांचे मिळून महिन्याला १५,००० रुपये येतात, त्या घराचे ३,००० रुपये, म्हणजे मिळकतीचा पाचवा हिस्सा, कामावर पोचण्यातच संपतो. अशा घरातील बाई पुढच्या महिन्यात लांबचे काम सोडते आणि जवळचे कमी पगाराचे काम धरते. मुलगा लांबच्या चांगल्या कॉलेजात नाव घालण्याचा विचार सोडून देतो. दरवाढीच्या कागदावर ह्या दोन गोष्टी कोठेही लिहिलेल्या नसतात.

दर का वाढवावे लागले, असे विचाराल तर उत्तर एकच मिळते: तूट आहे. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील दोन जुन्या परिवहन सेवा २००७ साली एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी स्थापन झाली. तिची तूट दोन महापालिका ६० आणि ४० टक्के अशा वाट्याने भरून काढतात. तूट आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु रस्ता बांधतो तेव्हा त्याची तूट किती असे कोणी विचारीत नाही. उड्डाणपूल बांधतो तेव्हा तो नफा किती देईल असे कोणी विचारीत नाही. मोटारवाल्यासाठी केलेला खर्च म्हणजे विकास आणि बसमध्ये उभ्याने जाणाऱ्यासाठी केलेला खर्च म्हणजे तूट, ही भाषाच आधी तपासली पाहिजे. केंद्र सरकारने २००६ साली जे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले त्याचे मूळ तत्त्वच असे आहे की, वाहने हलविणे हे ध्येय नसून माणसे हलविणे हे ध्येय आहे. हे तत्त्व मान्य केले की पैशाचा हिशेबही माणशी करावा लागतो.

तो हिशेब आपण करून पाहू. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्यास डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. लांबी सुमारे ३१ किलोमीटर आणि अंदाजित खर्च ११,४२० कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे ३६५ कोटी रुपये. पहिली गाडी ६ मार्च २०२२ रोजी धावली आणि स्वारगेटपर्यंतचा शेवटचा भुयारी तुकडा सप्टेंबर २०२४ मध्ये खुला झाला. पैशाला मंजुरी मिळाल्यापासून जवळजवळ आठ वर्षे लोटली. जून २०२५ मध्ये वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली ह्या १२.७५ किलोमीटरच्या वाढीव मार्गांसाठी ३,६२६ कोटी रुपये मंजूर झाले. तेही किलोमीटरला २८४ कोटींच्या घरात जाते. आता विजेवर चालणाऱ्या मोठ्या बसची किंमत दीड कोटी रुपये धरा. पहिल्या टप्प्याच्या एका किलोमीटरच्या पैशात अशा सुमारे २४० बसगाड्या येतात.

ह्यावरून मेट्रो नको, असा निष्कर्ष कोणी काढू नये. जेथे एका दिशेने तासाला वीस-वीस हजार माणसे जातात तेथे रुळांवरील गाडीला पर्याय नाही, आणि मेट्रोचे बांधकाम बसपेक्षा कितीतरी अधिक वर्षे टिकते. बस विकत घेणे स्वस्त असले तरी ती चालविणे स्वस्त नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एक बस दिवसाला २०० किलोमीटर धावते आणि किलोमीटरला ६० रुपये खर्च येतो असे धरले, तर शंभर गाड्यांना वर्षाला जवळजवळ ४४ कोटी रुपये लागतात आणि ते दरवर्षी लागतात. आमचे म्हणणे क्रमासंबंधी आहे. ज्या मुलुखाकडे पैसा मोजका आहे आणि गरज आजची आहे, त्याने आधी स्वस्त व लवकर फळ देणाऱ्या कामांत पैसा घालावा आणि मग महागड्या कामांकडे वळावे. आपल्याकडे नेमके उलटे घडले आहे.

बसची संख्याच पाहा. केंद्राच्या नागरी विकास खात्याच्या मापाप्रमाणे उत्तम सेवेसाठी लाख लोकवस्तीमागे ६० बसगाड्या हव्यात. २०११ च्या जनगणनेत दोन्ही महापालिकांची लोकसंख्या मिळून ४८ लाखांच्या वर होती. त्या जुन्या आकड्यानेही सुमारे २,९०० गाड्या लागतात. त्यानंतर वस्ती कितीतरी वाढली, हद्दी वाढल्या, आणि गाड्यांचा आकडा मात्र दोन हजारांच्या आसपास घोटाळत राहिला. थांब्यावर पाऊण तास उभ्या राहणाऱ्या माणसाला ह्याचे कारण अन्यत्र शोधण्याची गरज नाही.

दुसरे स्वस्त काम म्हणजे बसला तिची स्वतःची वाट देणे. मोटारींनी भरलेली रस्त्याची एक पट्टी तासाला फार तर हजार-दीड हजार माणसे वाहते. तीच पट्टी बससाठी राखून ठेवली तर चार ते आठ हजार माणसे वाहू शकते. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ साली, कोलंबियातील बोगोटा शहराने २००० साली आणि आपल्या शेजारच्या अहमदाबादने २००९ साली हे करून दाखविले. पुण्याने तर अहमदाबादच्याही आधी, २००६ च्या अखेरीस, स्वारगेटच्या रस्त्यावर हा प्रयोग सुरू केला होता. परंतु पट्टी अर्धवट, थांबे रस्त्याच्या मध्ये आणि तेथे पोचण्यास सुरक्षित वाट नाही, अशी त्याची गत झाली. पट्टीत मोटारी घुसल्या, आणि पुढे नगर रस्त्यावर तर तिचा काही भाग उखडूनच टाकण्यात आला. योजना फसली असे सांगण्यात येते. आमच्या मते ती पुरती राबविलीच गेली नाही. रस्त्याच्या रुंदीची वाटणी करताना ज्याच्याकडे मोटार आहे त्याचा आवाज मोठा ठरला, एवढाच ह्याचा अर्थ.

तिसरे काम त्याहूनही स्वस्त आहे: सावली देणारा थांबा, तेथपर्यंत जाणारा पदपथ, रात्री दिवा, वेळापत्रक, आणि बस व मेट्रो ह्या दोहोंसाठी एकच तिकीट. कोट्यवधींचे स्टेशन बांधून त्याच्या दारापर्यंत जाणारी बस नसेल, तर ते स्टेशन मोटारवाल्यासाठीच बांधले असे होते.

स्वस्त म्हणजे काय, ह्याविषयी मात्र आपण सावध राहिले पाहिजे. आजकाल पुष्कळदा सरकार स्वतः बस विकत घेत नाही. खाजगी ठेकेदार बस आणतो, चालक ठेवतो आणि त्याला किलोमीटरमागे पैसे मिळतात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेली दहा हजार विजेच्या बसगाड्यांची योजना ह्याच पद्धतीची आहे. एकदम मोठी रक्कम उभारावी लागत नाही, हा तिचा गुण खरा. परंतु परिवहन मंडळातील कायम चालक व वाहक ह्यांच्या भरतीत मागासवर्गीयांच्या राखीव जागा असतात. ठेकेदाराच्या नोकरीत त्या नसतात, आणि पगारही कमी असतो. ऑगस्ट २०२३ च्या प्रारंभी मुंबईत बेस्टच्या ठेक्यावरील चालकांनी पगारासाठी काम बंद केले तेव्हा थांब्यावर ताटकळणारा गरीब आणि संपावर गेलेला गरीब, दोघेही आपलेच होते. म्हणून किलोमीटरचा दर ठरविताना चालकाचे किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि भरतीतील प्रतिनिधित्व ह्या अटी करारातच लिहिल्या गेल्या पाहिजेत. नोकरीचा हक्क घालवून मिळविलेला स्वस्तपणा आपल्याला परवडणारा नाही.

मग बस चालविण्यासाठी दरवर्षी लागणारा पैसा कोठून आणावा? मार्ग आहेत. एप्रिल २०२२ पासून पुण्यात घर वा जमीन खरेदी करणाऱ्याकडून मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार घेतला जातो. वाहतूक आली की जमिनीची किंमत वाढते, म्हणून हे न्याय्यच आहे. परंतु त्या अधिभाराचा निश्चित हिस्सा बसला मिळावा, अशी मागणी आपण केली पाहिजे. रस्त्यावर फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारीकडून जागेचे भाडे घ्यावे, आणि तेही बससाठी राखून ठेवावे. फ्रान्समध्ये १९७१ पासून, प्रथम पॅरिसच्या प्रदेशात आणि नंतर इतर शहरांत, मालकांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर घेतला जातो, कारण कामगार वेळेवर पोचला तर लाभ मालकाचाही होतो. असले कर परदेशीच असतात असे म्हणणाऱ्यास आपल्या राज्याचे १९७५ सालचे उदाहरण दाखवावे. शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून महाराष्ट्राने खेड्यातील मजुराच्या रोजगार हमीचा खर्च उभा केला होता. जे राज्य तेव्हा हे करू शकले त्याला हिंजवडीच्या व चाकणच्या मोठ्या मालकांकडून बससाठी थोडे घेणे अशक्य का वाटावे?

वाचकहो, हे सारे आपोआप होणार नाही. अंदाजपत्रक हे सरकारच्या मनाचे खरे प्रतिबिंब असते, आणि ते वाचण्याची सवय आपल्या वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी लावून घेतली पाहिजे. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातील लहान कामे अंदाजपत्रकासाठी मागविण्याची प्रथा सुरू केली. विहाराच्या पुढच्या सभेत वस्तीतील कोण कोठे कामाला जाते, किती वेळ थांबते आणि महिन्याला किती खर्च करते, ह्याची यादी करा. ती यादी घेऊन नगरसेवकाकडे आणि परिवहन कंपनीकडे जा. थांबा मागा, पहाटेची पहिली गाडी मागा, परवडणारा पास मागा. राज्य सरकारने मार्च २०२३ मध्ये एस. टी. त स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत दिली. भांडी घासण्यासाठी शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या बाईसाठी तशी सवलत शहराच्या बसमध्येही मागा.

अर्ज एकट्याने करू नका, वस्तीच्या नावाने करा, त्याची पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नका. संघटित मागणीवाचून आपल्याला कोणताही हक्क मिळालेला नाही. बसमधील जागाही त्याच मार्गाने मिळेल.