आधी चालवा, मग उघडा

१९७६ साली जपानच्या टामिया कंपनीने पोर्श ९३४ या गाडीची रिमोटवर धावणारी प्रतिकृती बाजारात आणली. खोक्यात मात्र गाडी नव्हती, गाडीचे सुटे भाग होते. सूचनापुस्तिका समोर ठेवून ते जोडायचे, बॉडी रंगवायची. रेडिओ, सर्व्हो, बॅटरी, चार्जर वेगळे आणून बसवायचे आणि मग कुठे गाडी पहिल्यांदा जमिनीवर ठेवायची. पुढची दहाएक वर्षं या छंदात शिरण्याची वाट बहुतेकांसाठी हीच होती. अमेरिकेत १९८४ साली आलेली आणि शर्यतींत गाजलेली ‘आरसी१०’ बग्गीसुद्धा किटच्या, म्हणजे अशा सुट्या भागांच्या संचाच्या रूपातच मिळायची. ज्याच्या हाताला पाना आणि स्क्रू ड्रायव्हरची सवय, तो आत. बाकीच्यांनी दुकानाच्या काचेतून बघायचं.

१९८६ साली टेक्सासमध्ये सुरू झालेल्या ‘ट्रॅक्सस’ कंपनीने हा शिरस्ता मोडला. गाडी कारखान्यातच जोडायची, मोटर आणि रेडिओ बसवायचे, रंगवलेली बॉडी चढवायची आणि अशी तयार गाडी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, हे तिने आपल्या धंद्याचं सूत्र केलं. बॅटरी चार्ज करा आणि मैदानात उतरा. ‘रेडी टू रन’, म्हणजे हौशी मंडळींच्या तोंडी असलेलं ‘आरटीआर’, ते हेच.

या पद्धतीवर एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. किट जोडताना डिफरन्शिअल कसा फिरतो, शॉकअॅब्सॉर्बरमध्ये तेल का भरतात, गिअरचे दात एकमेकांत किती घट्ट बसवायचे, हे हाताला आपोआप कळतं. तयार गाडी घेणाऱ्याचं हे शिक्षण हुकतं. तरीही मला ट्रॅक्ससची बाजू पटते. सायकल आपण आधी चालवायला शिकतो, पंक्चर काढायला नंतर. शिक्षण हुकायचं नसेल तर अट एकच: गाडी बिघडली की ती उघडता आली पाहिजे.

ट्रॅक्ससचं खरं काम मला इथे दिसतं. तिच्या गाड्या स्क्रूने जोडलेल्या असतात. प्रत्येक मॉडेलचा सुट्या भागांचा नकाशा मिळतो आणि त्यात प्रत्येक भागाला क्रमांक असतो. सस्पेन्शनचा दांडा मोडला तर तेवढाच मागवायचा, दात गेलेला गिअर तेवढाच बदलायचा. नव्वदच्या दशकात आलेली ‘रस्टलर’ आणि ‘स्टॅम्पीड’ ही नावं सुधारत सुधारत आजही बाजारात टिकून आहेत. जुनी गाडी चालती राहते ती या सुट्या भागांच्या जोरावर.

तयार गाडी म्हणजे साधी गाडी, हा समजही या कंपनीने खोडून काढला. १९९९ सालची ‘टी-मॅक्स’ हे त्याचं ठळक उदाहरण. ही नायट्रोवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी गाडी होती. नायट्रोचं इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. नायट्रोचं छोटं इंजिन एकाच दिशेने फिरतं, त्यामुळे मोटरसारखं उलट फिरवून त्याची गाडी मागे घेता येत नाही. भिंतीला धडकलेली गाडी चालत जाऊन उचलायची, हा नायट्रोवाल्यांचा नित्यक्रम. टी-मॅक्सच्या गिअरबॉक्समध्ये दोन वेगांसोबत रिव्हर्सही होता आणि तो रिमोटवरून टाकता यायचा. दोरी ओढण्याऐवजी हातातल्या बॅटरीच्या स्टार्टरने इंजिन सुरू व्हायचं. नवख्याला नायट्रोची जी धास्ती असते, ती या दोन सोयींनी बरीच कमी केली.

२००८ साली आलेल्या ‘स्लॅश’ने तर शर्यतीचा एक नवा वर्गच उभा केला. अमेरिकेत माती उडवत धावणाऱ्या शॉर्ट कोर्स ट्रकच्या शर्यती होतात, त्या ट्रकची ही एक-दशांश आकाराची प्रतिकृती. बग्गीची चाकं उघडी असतात, ती एकमेकांत अडकली की दोन्ही गाड्या पलटतात. स्लॅशची रुंद बॉडी चाकांवरून येते, त्यामुळे घासाघाशी सोसून गाडी पुढे जाते. खोक्यातून काढलेल्या सारख्याच गाड्या घेऊन लोक शर्यतीला उभे राहू लागले आणि जिंकणं खिशापेक्षा हातावर अवलंबून राहिलं. लवकरच इतर कंपन्यांनीही आपापले शॉर्ट कोर्स ट्रक आणले.

वेगाची जबाबदारीही या कंपनीने ओळखली. तिच्या अनेक गाड्यांच्या स्पीड कंट्रोलमध्ये ‘ट्रेनिंग मोड’ असतो, तो ताकद निम्म्यावर आणतो. मूल शिकेपर्यंत गाडी आवाक्यात राहते. २०११ सालची ‘एक्सओ-१’ ताशी १०० मैलांच्या, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरच्या वेगासाठी बनवलेली. पण खोक्यातून काढल्या काढल्या ती तेवढी पळत नव्हती. पूर्ण वेगाचं कुलूप मालकाला मोबाइलच्या अॅपमधून मुद्दाम उघडावं लागे.

एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. बॅटरी जोडायचा प्लगही कंपनीचा स्वतःचाच आहे. दुसऱ्या कंपनीची बॅटरी वापरायची तर कनेक्टर बदला किंवा अॅडॉप्टर घ्या. भागाभागाने गाडी खुली ठेवणाऱ्या कंपनीने इथे गिऱ्हाइकाला बांधून ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे मुलांसाठी घेतलेल्या रिमोटच्या बहुतेक गाड्या पहिला गिअर झिजला की माळ्यावर जातात, कारण तो गिअर वेगळा मिळतच नाही. म्हणून पालकांना एक सांगणं आहे. पुढची गाडी घेताना ती किती जोरात पळते हे विचारण्याआधी तिचे सुटे भाग मिळतात का, हे दुकानदाराला विचारा. मिळत असतील तर सोबत चांगल्या स्क्रू ड्रायव्हरचा एक संचही घ्या आणि गाडी मोडली की तो मुलाच्या हातात द्या.