जुन्या ओळखीचा पाहुणा

विनोदी मालिकांच्या लेखकांना एक प्रसंग फार प्रिय आहे. घरात सारे सुरळीत चाललेले असते, दारावरची घंटा वाजते आणि उंबरठ्यावर नवऱ्याची कॉलेजातली मैत्रीण उभी असते. नवऱ्याची बोबडी वळते, बायकोचा आवाज एकाएकी गोड होतो, शेजारी भिंतीला कान लावतात. पुढली वीस-बावीस मिनिटे एक खोटे लपवण्यासाठी दुसरे खोटे बोलण्यात आणि नको त्या वेळी नको त्या माणसाने खोलीत शिरण्यात जातात. शेवटी पाहुणी निघून जाते आणि घर होते तसे होते. ज्या प्रकाराला ‘सिटकॉम’ म्हणतात, त्या प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेचा हा अलिखित करारच आहे. भाग संपताना कोणीही बदललेले असता कामा नये, कारण पुढल्या आठवड्यात तीच माणसे त्याच सोफ्यावर बसलेली हवी असतात.

या कराराची किंमत मात्र पाहुणीला मोजावी लागते. ती इतकी वर्षे कुठे होती, तिचे कसे चालले आहे, ती आताच का आली, हे कोणी विचारत नाही. ती येते ती विघ्न म्हणून, आणि विघ्न टळले की प्रेक्षक सुटकेचे हसतो. असे भाग पाहताना करमणूक होते हे खरे; परंतु ज्याच्यावर एकेकाळी जीव होता त्या माणसाला केवळ एक अडचण ठरवणे, हा या विनोदाचा उथळपणा आहे.

मुळात ‘अनपेक्षित परत येणे’ ही कल्पनाच मोठ्या, अनोळखी शहरांची आहे. जबलपूरच्या जुन्या वस्तीत ती काहीशी परकी वाटते. बडा फुहारा हा तिथला गजबजलेला चौक. फुहारा म्हणजे कारंजे. त्यावरूनच चौकाला नाव पडले. भोवतीच्या गल्ल्यांत कापडाची, दागिन्यांची, बांगड्यांची दुकाने. लग्नाचा बस्ता असो की दिवाळीची खरेदी, पावले तिकडेच वळतात. या शहरातील मराठी कुटुंबेही जुनी आहेत. १८१७ साली इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. राज्ये वेगळी झाली, तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. लेकी नागपूरकडे दिल्या जात, सुना तिकडून येत.

त्यामुळे इथे जुने प्रेम दारावर अवचित थाप मारत नाही. ते दरवर्षी माहेरपणाला येते, ठरलेल्या गाडीने, मुलाबाळांसह. बडा फुहाऱ्याच्या गर्दीत एखाद्या दुकानाशी दोघे समोरासमोर येतात. “केव्हा आलात?” “परवाच. भाऊबीज झाली की निघणार.” एवढ्यात संभाषण संपते. एकेकाळी ‘तू’ म्हणणारी दोन माणसे ‘तुम्ही’ म्हणतात. सारी कथा त्या एका सर्वनामात मावलेली असते. शेजारी उभ्या असलेल्या वहिनीला ती ऐकू येते, पण ती बांगड्यांचे माप पाहत राहते. मालिकेच्या लेखकाला इथे विनोद सापडणार नाही, कारण इथे कोणी खोटे बोलत नाही आणि कोणी खरेही बोलत नाही.

तरीही या प्रकाराच्या मालिकांनी कधीकधी अधिक शहाणपण दाखवले आहे. १९९५ साली झी टीव्हीवर सुरू झालेली ‘हम पाँच’ ही हिंदी मालिका अनेकांना आठवत असेल. आनंद माथूर या गृहस्थाची भूमिका अशोक सराफ करीत. घरात दुसरी पत्नी, पाच मुली, आणि भिंतीवर दिवंगत पहिल्या पत्नीचा फोटो. हा फोटो बोलत असे! नवऱ्याला टोमणे मारी, त्याची फजिती पाहून खूश होई. फोटोतली ती पत्नी प्रिया तेंडुलकर यांनी साकारली होती. १९८५ च्या ‘रजनी’ मालिकेतून त्या घराघरांत पोहोचल्या होत्या. २००२ साली त्यांचे निधन झाले. वरवर पाहता ही निव्वळ धमाल होती. पण त्या धमालीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: गेलेले माणूस घरातून पुरते जात नाही. त्याला भिंतीवर जागा द्यावी, बोलू द्यावे, आणि त्याच्या देखत नवा संसारही करावा. एका भागापुरती येणारी पाहुणी जे सांगू शकत नाही, ते हा फोटो आठवड्यामागून आठवडे सांगत राहिला.

‘फ्रेंड्स’ या अमेरिकन मालिकेत मे २००० मध्ये दाखवला गेलेला भागही याच कारणाने वेगळा ठरतो. चँडलर मोनिकाला लग्नाची मागणी घालायला उपाहारगृहात नेतो आणि नेमका तिचा पूर्वीचा प्रियकर रिचर्ड शेजारच्या टेबलाशी येऊन बसतो. नंतर तो तिला भेटून स्पष्ट सांगतो की त्याचे अजून तिच्यावर प्रेम आहे. लेखकांनी त्याला विदूषक केले नाही. हतबल झालेला चँडलर त्याच्या घरी जातो, तेव्हा मोनिकाला गाठ आणि ती मिळाली तर तिला सोडू नकोस, असा सल्ला रिचर्डच त्याला देतो. हरणाऱ्याचा मान राखल्याने त्या भागातले हसू अधिक खरे झाले आहे. महत्त्वाचे म्हणजे इथे भूतकाळ स्त्रीचा आहे आणि त्याबद्दल तिला कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही.

आपल्याकडे अडते ते इथेच. पुरुषाचे जुने प्रेम ही मित्रमंडळींत सांगायची गंमत असते. तेच बाईच्या बाबतीत असले की त्याला ‘प्रकरण’ म्हणतात. बडा फुहाऱ्यावर भेटलेला तो गृहस्थ घरी जाऊन “आज कोण भेटले सांगू?” असे हसत सांगू शकतो. माहेरवाशिणीला सासरी परतल्यावर ते सांगायची सोय नसते. ‘हम पाँच’मधला फोटोही पहिल्या बायकोचा होता, म्हणूनच प्रेक्षक मोकळेपणाने हसले. तो फोटो बाईच्या पहिल्या नवऱ्याचा असता, आणि तो दुसऱ्या नवऱ्याच्या देखत बोलू लागला असता, तर किती घरांत ती मालिका सर्वांनी एकत्र बसून पाहिली असती? विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ साली मान्यता दिली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली स्वतः असा विवाह केला. त्यानंतर असे संसार पुष्कळ झाले आणि सुखाचेही झाले. पण त्या घरांत पहिल्या नवऱ्याचा फोटो सहसा भिंतीवर नसतो. तो ट्रंकेच्या तळाशी, एखाद्या जुन्या साडीच्या घडीत असतो.